चाकांचा खडखडाट आणि हवेतील शांतता : स्केटबोर्डपटांतील ध्वनियोजनेचा एक विचार

१. प्रास्ताविक

चित्रपटाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी आपल्या पहिल्या-दुसऱ्या लघुपटासाठी विषय शोधू लागला, की त्याची नजर सहसा जवळच्या गोष्टींकडे वळते. ज्या शहरांत स्केटबोर्ड हा तरुणांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, तेथे असा विद्यार्थी स्केटबोर्डकडे वळला तर त्यात नवल नाही. एक मित्र, एक फळी, थोडा उतार आणि संध्याकाळचे ऊन एवढ्या सामग्रीवर पडद्याला गती मिळते. कलावंतांचे मानधन नाही, नेपथ्याचा खर्च नाही आणि संवाद नसले तरी चालते. दृश्याच्या बाबतीत हा विषय विद्यार्थ्याला अनुकूल आहे. ध्वनीच्या बाबतीत मात्र तो जितका दिसतो तितका सोपा नाही, आणि याच अवघड जागी विद्यार्थी-चित्रकर्त्याची खरी परीक्षा होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या लेखात प्रामुख्याने दोन चित्रपटांचा विचार केला आहे. पहिला नोएल ब्लॅक यांचा ‘स्केटरडेटर’ (१९६५) आणि दुसरा गस व्हॅन सँट यांचा ‘पॅरानॉइड पार्क’ (२००७). पहिला चित्रपटशिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या एका तरुणाचा प्रारंभीचा लघुपट आहे. दुसरा मुरलेल्या दिग्दर्शकाचा पूर्ण लांबीचा चित्रपट असला तरी त्याचा नायक शाळकरी मुलगा आहे. या दोहोंच्या मध्ये हौशी तरुणांनी स्वतःच चित्रित केलेल्या स्केटबोर्ड व्हिडिओंची एक मोठी परंपरा येते. तिला टाळून हा विचार पुरा होणार नाही.

आरंभी एक मर्यादा नोंदवतो. मराठीतील चित्रपटसमीक्षा गीत-संगीताविषयी भरभरून बोलते, परंतु दार लागल्याचा, पायरी उतरल्याचा, चाक फिरल्याचा आवाज हा तिचा विषय क्वचितच होतो. वास्तविक खडखड, घरघर, सरसर, टकटक, धाडकन, फटकन असा अनुकरणवाचक शब्दांचा केवढा तरी साठा आपल्या भाषेत आहे. ‘खडखडाट’ आणि ‘घरघर’ यांतील फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पुढील विवेचनात हे शब्द पारिभाषिक संज्ञांच्या बरोबरीने वापरले आहेत.

२. चाक, जमीन आणि काळ

स्केटबोर्डचा आवाज कसा निर्माण होतो हे पाहिल्याशिवाय त्याच्या योजनेची चर्चा करणे व्यर्थ आहे. आजची फळी सामान्यतः मॅपल लाकडाचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली असते. तिच्या खाली धातूचे दोन आस आणि चार लहान चाके असतात. फळी पोकळ नसली तरी पातळ व ताठ असल्यामुळे चाकांची कंपने ती उचलते आणि एखाद्या वाद्याच्या तबकडीप्रमाणे हवेत सोडते. म्हणजे आपण जे ऐकतो ते केवळ चाक नसते. जमिनीचा पोत लाकडातून ऐकू येत असतो. गुळगुळीत फरशीवर सरसर, खरबरीत डांबरावर घरघर आणि काँक्रीटच्या पदपथावर लयबद्ध टकटक. डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही रस्ता कोठे बदलला हे सांगता येते.

ही टकटक थोडी बारकाईने पाहू. पदपथावरील काँक्रीटच्या लाद्यांचे सांधे दर दीड मीटरवर आहेत आणि मुलगा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाने जात आहे असे समजू. मग दर ०.३ सेकंदाला एक ठोका पडेल. परंतु तो एकेरी ठोका नसतो. पुढची चाके सांध्यावरून गेल्यानंतर मागची चाके जातात. दोन आसांतील अंतर सुमारे ३६ सेंटिमीटर धरल्यास या दोन ठोक्यांत अवघे ०.०७ सेकंदाचे अंतर राहते. चित्रपटाच्या एका चौकटीचा अवधी सुमारे ०.०४२ सेकंद असतो. याचा अर्थ असा, की हा जोडठोका दोन चौकटींच्याही आत आटोपतो. डोळ्याला तो दिसत नाही, कानाला मात्र स्पष्ट उमगतो. वेग वाढला की दोन्ही अंतरे आवळतात आणि प्रेक्षकाला वेगाची जाणीव होते, ती चित्राने सांगण्याच्या आधी. ज्या विद्यार्थ्याने ध्वनिसंग्रहातील एक तयार ‘चाकाचा आवाज’ उचलून संपूर्ण दृश्याखाली पसरला, त्याने ही सगळी माहिती पुसून टाकलेली असते. त्याच्या लघुपटातील मुलगा पडद्यावर वेगाने जातो आणि कानात जागच्या जागी उभा राहतो.

उडीच्या वेळी काय घडते तेही असेच बोलके आहे. फळीचे मागचे टोक पायाने जमिनीवर आपटले की ‘फट्’ असा कोरडा आवाज येतो. मग चाके जमीन सोडतात आणि आवाज एकदम थांबतो. सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या उडीत ही शांतता साधारण अर्धा सेकंद टिकते. मोकळ्या फिरणाऱ्या चाकांची अतिशय क्षीण भिरभिर तेवढी उरते. नंतर चारही चाके एकदम टेकल्याचा ‘खाड्’ असा आघात होतो आणि घरघर पुन्हा सुरू होते. या अर्ध्या सेकंदाच्या दोन्ही बाजूंना जर जमिनीचा आवाज नसेल तर उडी ही उडी वाटत नाही. उड्डाणाचा आनंद डोळ्याला मिळतो खरा, परंतु आपण जमीन सोडली हे कान सांगतो.

फ्रेंच समीक्षक व संगीतकार मिशेल शिआँ यांनी ‘ऑडिओ-व्हिजन’ या आपल्या ग्रंथात (मूळ फ्रेंच १९९०) ध्वनीतील ज्या अंशांमुळे वस्तूचे वजन, घर्षण, खरखरीतपणा जाणवतो त्यांचा स्वतंत्र विचार केला आहे. त्यांना आपण ‘जडतेच्या खुणा’ म्हणू. हे अंश कमी केले तर दृश्य हलके, स्वप्नवत् होते. वाढवले तर ते अंगाला लागते. स्केटबोर्डपटाचे संपूर्ण ध्वनिनाट्य या एकाच तराजूवर तोलता येते.

चाक हेही इतिहासाने बदलत गेले आहे. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फळ्यांना रोलर स्केटसारखी पोलादी चाके असत. त्यानंतरच्या काळात मातीमिश्रित कठीण द्रव्याची चाके आली. ती खडबडीत होती आणि लहानशा खड्यालाही अडत. फ्रँक नॅसवर्दी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात युरेथेनची चाके बाजारात आणली आणि घर्षण, वेग व आवाज हे तिन्ही बदलले. आपल्याकडील ज्या वाचकांनी लहानपणी लाकडी फळीला जुनी बेअरिंगे ठोकून गाडी केली आणि ती उतारावरच्या डांबरी रस्त्यावरून सोडली, त्यांना पोलादी चाकाच्या कर्कश घर्षणाची कल्पना देण्याची गरज नाही. तो आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाई आणि शेजारच्या काकूंच्या तक्रारीचा विषय होई.

३. ‘स्केटरडेटर’ : संवादाविना

नोएल ब्लॅक यांचे चित्रपटशिक्षण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत झाले होते. ‘स्केटरडेटर’ हा त्यांचा सुमारे १८ मिनिटांचा लघुपट दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनारी वस्त्यांत चित्रित झाला. १९६६ च्या कान महोत्सवात लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले आणि ऑस्करसाठीही त्याचे नामांकन झाले. कथा अगदी साधी आहे. स्केटबोर्डवर हिंडणारा मुलांचा एक गट. त्यांतील एकाची सायकलवरील एका मुलीशी गाठ पडते. तो गटापासून दुरावू लागतो. गटातील प्रतिस्पर्ध्याशी उतारावर त्याची शर्यत होते. या सर्व व्यवहारात एकही संवाद नाही. कथन दृश्य, संगीत आणि परिणामध्वनी यांवर उभे आहे.

संवाद नसण्याचा हा निर्णय कलात्मक होता की काटकसरीचा, हा प्रश्न समीक्षेत नेहमी विचारला जातो. माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे. उघड्यावर, उतारावर, धावत्या मुलांचा समकालिक आवाज टिपणे त्या काळात फार कठीण व खर्चिक होते. त्या अडचणीतून जी रीत निघाली ती कथेला शोभली, एवढे पुरे आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपल्या मनात काय चालले आहे हे शब्दांत सांगता येत नाही; चित्रपटही त्याला शब्द देत नाही. दारिद्र्यातून आलेली अशी रीत विद्यार्थीपटांत अन्यत्रही आढळते. ‘स्केटरडेटर’ नंतर दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, जॉर्ज लुकास यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना केलेल्या ‘टीएचएक्स ११३८ ४ईबी’ या लघुपटातील भविष्यकाळ मोठ्या प्रमाणावर संदेशयंत्रांतील तुटक आवाजांनी उभा केलेला आहे. नेपथ्याला पैसे नसले तर कान बांधकाम करतो.

‘स्केटरडेटर’मध्ये एक फार चांगली ध्वनिशक्यता कथेतच दडलेली आहे. मुलांची वाहने खडखडणारी, मुलीचे वाहन हवा भरलेल्या रबरी चाकांचे, म्हणजे जवळजवळ नीरव. गट म्हणजे गोंगाट आणि मुलगी म्हणजे शांतता. मुलगा एका आवाजातून दुसऱ्या आवाजाकडे सरकतो, अशी संपूर्ण कथा केवळ चाकांतून सांगता आली असती. परंतु माइक कर्ब आणि निक व्हेनेट यांचे गिटारप्रधान संगीत, ज्यात डेव्ही अॅलन यांचे वादन आहे, चित्रपटाचा बराच प्रदेश व्यापून बसते. हे संगीत आपल्या जागी उत्तम आहे. त्याच्यात त्या किनाऱ्याचे ऊन आहे आणि त्या वर्षांचा उन्मादही आहे. पण ते वाजू लागले की जमीन नाहीशी होते. मुले रस्त्यावरून न जाता संगीतावरून घसरत जातात. संगीत ओसरते आणि चाके पुढे येतात तेथे चित्रपट अचानक मोठा होतो, आणि मग आपल्याला खंत वाटते की असे क्षण आणखी हवे होते. हा दोष मी साठ वर्षांनंतरच्या शहाणपणातून काढतो आहे, याची मला जाणीव आहे. तरीही तो सांगितला पाहिजे, कारण आजचा विद्यार्थी हीच चूक, पण ब्लॅक यांच्याजवळ असलेल्या कारणाशिवाय, करतो. त्याच्याजवळ ध्वनिमुद्रणाची साधने आहेत आणि तरीही तो पहिल्या सेकंदापासून गाणे लावतो.

याच सुमारास माँट्रियल येथे क्लोद ज्युत्रा यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी ‘रुली-रुलाँ’ (१९६६) हा कृष्णधवल लघुपट केला. त्यात निवेदक स्केटबोर्डविषयी एखाद्या साथीच्या रोगाविषयी बोलावे तसे गंभीरपणे बोलतो, आणि पोलीस मुलांच्या फळ्या जप्त करतात. असहिष्णुतेच्या बळींना अर्पण केलेल्या या लघुपटातील उपरोध निवेदनाच्या सुरात आहे. ध्वनीच्या दृष्टीने त्याचे वेगळे प्रकरण होऊ शकेल. येथे एवढेच नोंदवावेसे वाटते, की स्केटबोर्डचा आवाज हा आरंभापासून सार्वजनिक शांततेचा, म्हणजेच अधिकाराचा प्रश्न राहिला आहे. चाके ऐकू आल्यावरच कोणीतरी खिडकी उघडून ओरडते.

४. हौशी व्हिडिओंची शिस्त

१९९१ साली ‘ब्लाइंड’ या कंपनीसाठी स्पाइक जोन्झ यांनी ‘व्हिडिओ डेज’ तयार केला तेव्हा ते विशीच्या आरंभी होते. त्यातील मार्क गोन्झालेस यांच्या भागाला जॉन कोल्ट्रेन यांचे ‘ट्रेनिंग इन’ हे जॅझवादन लावलेले आहे. या भागाचे महत्त्व संगीताच्या निवडीत आहे हे खरे. पण संगीताच्या बरोबरीने फळीच्या आवाजाला जागा देण्याची जी रीत अशा व्हिडिओंनी रुजवली तिचे महत्त्व मला अधिक वाटते. गाणे वाजत असते, परंतु ‘फट्’ आणि ‘खाड्’ हे आघात त्याच्या वर तरंगत राहतात. कारण सरळ आहे. पाहणारे स्वतः स्केटबोर्ड करणारे असतात आणि उडी नीट उतरली की नाही याचा निर्णय ते कानाने करतात. चारही चाके एकदम टेकली तर एक आवाज येतो, पुढची आधी टेकली तर दुसरा. येथे ध्वनी पुराव्याचे काम करतो.

१९९५ मध्ये सोनी कंपनीचा ‘व्हीएक्स १०००’ हा लहान डिजिटल कॅमेरा आला. त्याच्या वरच्या भागात बसवलेल्या मायक्रोफोनला फळीचा आवाज विलक्षण मानवला. आवाजाची पातळी आपोआप सावरणारी योजना, जमिनीलगत धरलेला कॅमेरा आणि रुंदकोनी भिंगामुळे विषयाच्या अगदी जवळ जाण्याची सवय, या सर्वांमुळे जो कोरडा, भरीव, समोरचा आवाज मिळे, तो या मंडळींच्या कानात इतका भिनला की अधिक स्पष्ट चित्र देणारे कॅमेरे आल्यानंतरही अनेक जण त्या जुन्या यंत्राला चिकटून राहिले. तांत्रिक दृष्ट्या पाहता हा आवाज ‘शुद्ध’ नव्हे. पण एखाद्या समूहाने एका यंत्राचा दोष आपली भाषा म्हणून स्वीकारावा, ही घटना ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

या मंडळींनी आणखी एक व्यावहारिक गोष्ट शिकवली. चित्रण करणारा स्वतःही दुसऱ्या फळीवरून मागे जात असतो. त्याच्या चाकांचा आवाज ध्वनिपट्टीवर मिसळू नये म्हणून तो मोठी व मऊ चाके लावतो. ऐकणाऱ्याने स्वतःचा आवाज कमी करणे ही ध्वनिमुद्रणाची पहिली शिस्त आहे आणि ती त्यांना कोणत्याही वर्गात शिकवलेली नव्हती.

परंतु पुराव्याच्या या आग्रहालाही मर्यादा आहे. जे ऐकू येते ते ‘जसेच्या तसे’ आहे, हा समज फसवा असतो. दूरच्या भिंगाने सत्तर मीटरवरून एखादी उडी टिपली तर कॅमेऱ्यापाशी तिचा आवाज सुमारे ०.२ सेकंद, म्हणजे जवळजवळ पाच चौकटी उशिरा पोहोचेल. तो तसाच ठेवला तर प्रेक्षकाला ती चूक वाटते. संकलक म्हणूनच तो पुढे सरकवून आघाताशी जुळवतो. निसर्गाप्रमाणे ठेवलेला आवाज खोटा वाटतो आणि हलवलेला आवाज खरा. प्रामाणिक वाटणारी ध्वनिपट्टीही अशी घडवलेलीच असते. तेव्हा प्रश्न घडवावे की न घडवावे हा राहत नाही. कोणाच्या कानासाठी घडवावे, हा प्रश्न उरतो.

५. ‘पॅरानॉइड पार्क’ : आवाज काढून घेणे

या प्रश्नाचे माझ्या पाहण्यातील सर्वांत धाडसी उत्तर ‘पॅरानॉइड पार्क’मध्ये आहे. ब्लेक नेल्सन यांच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट अमेरिकेतील पोर्टलंड शहरात घडतो. नायक अॅलेक्स हा शाळकरी मुलगा. पुलाखाली स्केटबोर्ड करणाऱ्यांनी स्वतः उभारलेल्या एका मैदानावर तो जाऊ लागतो. एका रात्री तेथे भेटलेल्या थोराड तरुणाबरोबर मालगाडीवर चढला असताना रखवालदार त्यांना हटकतो. अॅलेक्स त्याला फळीने ढकलतो. रखवालदार शेजारच्या रुळावर पडतो आणि येणाऱ्या गाडीखाली सापडतो. चित्रपट हे सर्व कालक्रमाने सांगत नाही. अॅलेक्स जे लिहून काढतो आहे त्याच्या ओघाने, मागे-पुढे होत ते आपल्यासमोर येते.

ध्वनियोजना लेस्ली शॅट्झ यांची आहे. व्हॅन सँट यांच्याच ‘लास्ट डेज’मधील कामासाठी २००५ मध्ये त्यांना कान येथे तांत्रिक पारितोषिक मिळाले होते. या दोघांची रीत अशी, की प्रसंगासाठी नवे पार्श्वसंगीत रचून न घेता आधीच अस्तित्वात असलेल्या इलेक्ट्रोअकूस्टिक रचना, म्हणजे जगातील आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांवर संस्कार केलेल्या रचना, दृश्यांखाली आणून ठेवायच्या. ‘एलिफंट’ (२००३) मध्ये हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांच्या रचना आहेत. ‘पॅरानॉइड पार्क’मध्ये फ्रान्सिस व्हाइट यांची वनातील आवाजांवर उभी असलेली रचना आहे. त्यांच्या जोडीला फेलिनीच्या चित्रपटांसाठी नीनो रोटा यांनी केलेले संगीत आणि एलियट स्मिथ यांची गाणी. कागदावर हे मिश्रण विसंगत वाटते. ऐकताना ते एका मुलाच्या डोक्यात एकाच वेळी चाललेल्या अनेक केंद्रांच्या रेडिओसारखे भासते.

मैदानावरील मुलांची सुपर ८ वर टिपलेली दाणेदार, मंदगती दृश्ये चित्रपटात पुन्हा पुन्हा येतात. आता येथे पूर्वी केलेली मांडणी आठवावी. स्केटबोर्ड पडद्यावर आहे म्हणजे जमीन कानात असली पाहिजे. व्हॅन सँट नेमकी तीच काढून घेतात. पडद्यावर जेवढी चाके फिरतात तेवढी ऐकू येत नाहीत; त्यांच्या जागी तरल, दुरून आल्यासारखे आवाज भरून राहतात. जडतेच्या खुणा पुसल्या गेल्यामुळे शरीरे तरंगू लागतात. प्रथमदर्शनी हे केवळ सौंदर्य वाटते, आणि अनेक समीक्षकांनी त्याची तेवढीच दखल घेतली आहे. परंतु कथा कळल्यानंतर या नीरवतेचा अर्थ बदलतो. जेथे चाक जमिनीला लागत नाही तेथे कृतीला परिणामही नसतो. अॅलेक्सला हवे असलेले जग असे आहे, आणि त्याच्या हातातील याच फळीने एक माणूस मेला आहे.

मग परिणाम कोठून येतो? तो स्नानगृहात येतो. त्या रात्रीनंतर अॅलेक्स फवाऱ्याखाली मान खाली घालून उभा राहतो. केसांवरून पाणी ओघळते आहे. मागच्या भिंतीच्या सजावटीवर पक्षी आहेत. पाण्याचा आवाज वाढत जातो, त्यात पक्ष्यांचा कलकलाट मिसळतो, आणि थोड्याच वेळात हे दोन्ही आवाज एका लहानशा खोलीत मावण्यापलीकडे जातात. कॅमेरा जवळजवळ काहीच करत नाही. मुलगा रडतो की नाही हेही पाण्यामुळे समजत नाही. मैदानावरील दृश्यांत जे वजन कानातून काढून घेतले होते ते सगळे येथे एकदम परत केले जाते, पण भलत्याच आवाजाच्या रूपाने. पाणी आणि पक्षी यांचा गुन्ह्याशी काहीएक संबंध नाही. म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो. एखादा कमी प्रतीचा दिग्दर्शक येथे रेल्वेची शिट्टी वाजवता, आणि प्रेक्षकाला ‘अपराधगंड’ हा शब्द वाचून दाखवल्यासारखे झाले असते.

दुसरे उदाहरण त्याच्या उलट जातीचे आहे. अॅलेक्स मैत्रिणीशी संबंध तोडतो तेव्हा तिचे बोलणे आपल्याला ऐकूच येत नाही. ती चिडलेली दिसते, ओठ हलतात, आणि वर रोटा यांचे खेळकर संगीत चालू राहते. हसू येते आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते. अॅलेक्स तिचे ऐकत नाही, म्हणून आपणही ऐकत नाही. नायकाच्या कानाची क्रूरता चित्रपटाने आपल्याला काही क्षण उसनी दिलेली असते.

या चित्रपटावर एक आक्षेप घेता येतो आणि तो मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. आधीच तयार असलेली रचना उचलून दृश्याखाली ठेवताना ती रचना आपला मूळ संदर्भ गमावते. व्हाइट यांच्या वनाचे येथे एका मुलाच्या मनात रूपांतर झाले आहे, आणि वन म्हणून त्याला काही म्हणायचे असल्यास ते आता ऐकू येत नाही. वेस्टरकँप यांच्यासारख्या कलावंत तर ज्या चळवळीतून आल्या तिचा मूळ आग्रहच परिसराचा आवाज लक्षपूर्वक ऐकावा हा होता. स्नानगृहातील पक्षी भिंतीवरील चित्रांशी जुळतात आणि काही अंशी हा आक्षेप सौम्य होतो, इतकेच.

६. विद्यार्थ्यापुढील निवड

‘पॅरानॉइड पार्क’चा प्रभाव विद्यार्थीपटांवर पडला असेल तर तो दुर्दैवाने वरवरचा आहे. मंदगती दृश्य, खाली एक लांबलेला गंभीर सूर आणि त्यावर भरपूर प्रतिध्वनी, एवढे केले की प्रयोग झाला अशी समजूत दिसते. आज संगणकावर हे दहा मिनिटांत करता येते. पण काढून घेण्यासाठी आधी काही असावे लागते. ज्याने चाकाचा आवाज एकदाही मन लावून मुद्रित केला नाही, त्याने तो गाळला तर प्रेक्षकाला काही हरवल्याचे कळणार कसे?

म्हणून अशा लघुपटाचे काम प्रत्यक्ष जागेवर सुरू झाले पाहिजे. चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरा बंद ठेवून त्याच मुलाला, त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने पुन्हा चार-पाच वेळा जायला सांगावे आणि केवळ आवाज घ्यावा. एकदा मायक्रोफोन रस्त्याच्या कडेला ठेवून, म्हणजे फळी जवळ येताना आणि दूर जाताना स्वर कसा बदलतो ते मिळेल. एकदा फळीबरोबर धावत. आणि एकदा फळीच्या पोटाला संपर्क-मायक्रोफोन चिकटवून. या शेवटच्या पद्धतीने हवेतून येणारा आवाज जवळजवळ मिळतच नाही, केवळ लाकडातील कंपने मिळतात. तो गडद, आतला, थोडा भीतिदायक आवाज असतो. स्केटबोर्ड करणारा तळपायाने जे ऐकतो त्याच्या तो सर्वांत जवळ जातो. सेकंदाला पाच मीटर वेगाच्या वाऱ्याचा त्याला उपद्रव होत नाही हा आणखी एक फायदा. रस्त्याच्या कडेचा आवाज हा शेजाऱ्याचा, धावत घेतलेला हा मित्राचा आणि लाकडातील हा त्या मुलाचा स्वतःचा. तीन आवाज हाती आले की लघुपट कोणाच्या बाजूने ऐकायचा याचा निर्णय संकलनाच्या टेबलावर घेता येतो, आणि तो निर्णय मधेच बदलताही येतो. पोलिसाने फळी हिसकावून घेतली त्या क्षणी आपण लाकडातून बाहेर, रस्त्याच्या कडेला फेकले गेलो, तर त्यासाठी संवाद लिहावा लागणार नाही.

येथे परीक्षकांविषयीही बोलणे भाग आहे. विद्यार्थीपटांच्या मूल्यमापनात ‘ध्वनी स्पष्ट आहे काय’ हा निकष जवळजवळ सर्वत्र असतो. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत ध्वनीचे स्वतंत्र शिक्षण आहे आणि तेथून बाहेर पडलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये ऑस्कर मिळाल्यावर या विषयाकडे लोकांचे लक्षही गेले. परंतु जनसंज्ञापनाच्या असंख्य सामान्य महाविद्यालयीन वर्गांत ध्वनी म्हणजे संवाद ऐकू येणे आणि खरखर नसणे, एवढाच अर्थ शिल्लक आहे. या निकषाने पाहिले तर ‘व्हीएक्स १०००’वरील संपूर्ण परंपरा नापास होईल आणि मैत्रिणीचे बोलणे गाळणारा व्हॅन सँट यांचा प्रसंग ‘तांत्रिक दोष’ म्हणून नोंदवला जाईल. उलट तयार ध्वनिसंग्रहातील निर्दोष घरघर पहिल्या मिनिटापासून अठराव्या मिनिटापर्यंत पसरणाऱ्या लघुपटाला पूर्ण गुण मिळतील. एखाद्या विद्यार्थ्याने मुद्दाम खरखर ठेवली आणि दुसऱ्याकडून ती अनवधानाने राहिली, यांतील फरक गुणपत्रिकेवरून कळत नाही. तो कळण्यासाठी परीक्षकाने विद्यार्थ्याला त्याची मूळ, न जुळवलेली ध्वनिमुद्रणे घेऊन बोलवावे, ती त्याच्याबरोबर बसून ऐकावीत आणि अमुक ठिकाणी चाके का थांबली एवढेच विचारावे.